आबा दिमसम खायला मुंबईला गेले

सावद्याच्या जीवराम बोरोलेंचे उरलेसुरले दात जळगावच्या चिनी डॉक्टरने एकदाचे काढून टाकले, आणि कवळी बसवायला हिरड्या नीट भरून येईपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. आबांची केळीची बाग मोठी, घरात कशाची वाण नाही, आणि माणूस खाण्याचा शौकीन. त्यांना आता सकाळी खिचडी, संध्याकाळी दुधात कुस्करलेली भाकरी. आठवडाभरातच ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या जबड्याकडे टक लावून बघायला लागले.

डॉक्टरचं नाव लिआँग. त्याचा जन्म मुंबईचा, हिंदी फर्डी, पण जळगावात त्याला सगळे चिनी डॉक्टरच म्हणत. दोन महिन्यांनी हिरड्या दाखवायला आबा गेले तेव्हा त्यांच्या तोंडात आरसा घालून तो म्हणाला, "आबा, मुंबई में हमारा मामा दिमसम बनाता है. सुबह चाय के साथ. छोटा छोटा, भाप पे पकाया हुआ. एकदम नरम. दाँत का कुछ काम नहीं."

तोंड उघडंच असल्यामुळे आबांना काही बोलता येईना. आरसा बाहेर येताच त्यांनी विचारलं, "माळकऱ्याला चालतं का?"

माळकरी हे लिआँगला आडनाव वाटलं. "सब को चलता है," तो म्हणाला. "गये तो मेरे लिये भी थोडा लाना." मग मामाचा पत्ता सांगू लागला, तेवढ्यात बाहेर बसलेला एक पेशंट गाल धरून ओरडला आणि डॉक्टर तिकडे धावला. परत येईपर्यंत आबा स्टँडवर पोचले होते. पत्ता राहिला तो राहिलाच.

घरी त्यांच्या बायकोने, कुंदाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. "पत्ता नाही, नाव धड घेता येत नाही, आन् निंघाले मुंबईले," त्या म्हणाल्या. "मी बी येते. नाहीतर तुम्ही काय खाऊन येसान, देवाले ठाऊक."

मुंबईत आबांचा पुतण्या लीलाधर एका कापडाच्या पेढीवर कारकून होता. मुंबईतली एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही, हे कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आबांना दात नसल्याने त्यांच्या तोंडून तो शब्द "दिंशंम" असा ऐकू आला, तरी लीलाधर हसून म्हणाला, "इतकंच ना आबा? आम्ही नेहमी जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोघांना घेऊन निघाला आणि वाटेत हळूच एका पानवाल्याला विचारून आला. पानवाला म्हणाला, दीनशा का? समोरच्या चाळीत, दुसरा मजला.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते एका म्हाताऱ्या पारशाने. त्या दिवशीच्या पेपरात त्याने आपला पोपट विकायची जाहिरात दिली होती. दारात धोतर-टोपीतला सभ्य गृहस्थ आणि नऊवारीतली बाई बघून त्याला बरं वाटलं. त्याने तिघांना बसवलं, पाणी दिलं.

"बहुत अच्छा माल है," दीनशा म्हणाला. "आठ साल से घर में है."

आबा जरा चपापले. "आठ सालचं? ताजं नाही का?"

"ताजा ही है. सुबह ही नहाया है. आप को मंगता है तो ले जाव, लेकिन सँभाल के रखना."

"ठेवायचं कशाले?" आबा म्हणाले. "आम्ही अठीच खातो. गरम गरम."

दीनशाचा चेहरा उतरला. "खाते हैं?"

"हो. फक्त वाफेवर चांगलं शिजवलेलं पाहिजे. मले दात नाहीत." त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

दीनशा उठला, आतल्या खोलीत गेला आणि पिंजरा छातीशी धरूनच बाहेर आला. पिंजऱ्यातला पोपट आबांकडे बघून काहीतरी गुजरातीत बोलला. खानदेशी बोली गुजरातीला जवळची, त्यामुळे कुंदाबाईंना ते बरोबर समजलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"हेच दिमसम का रे?" आबांनी लीलाधरला विचारलं. लीलाधर खिडकीबाहेर बघत होता.

शेवटी कुंदाबाईंनीच सूत्रं हातात घेतली. चिनी डॉक्टर, त्याचा मामा, सकाळचा चहा, सगळं त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. दीनशा आधी पिंजरा सोडायला तयार नव्हता. मग हळूहळू त्याचे खांदे हलायला लागले आणि तो इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. त्याची सारी नोकरी गोदीत गेली होती. मझगावातलं चिन्यांचं खाणं त्याला चांगलं माहीत होतं. त्याने कोणत्या गल्लीत वळायचं ते सांगितलं, खाली दारापर्यंत पोचवायला आला, आणि पोपट विकायचा बेत त्याने त्याच क्षणी रद्द केला.

मझगावच्या त्या गल्लीत खलाशांनी भरलेली एक अरुंद खोली होती. मागे मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं आणि त्यावर बांबूच्या गोल करंड्यांची उतरंड रचली होती. वाफेत उभा असलेला म्हातारा म्हणजे लिआँगचा मामा. त्याची हिंदी दहा-बारा शब्दांची होती, त्यातले निम्मे शिव्यांचे.

"हे तर आपल्या फुनक्यांसारखं हाये," कुंदाबाई करंड्या बघून म्हणाल्या. त्यांच्या घरी तुरीची डाळ भरडून, मिरची-कोथिंबीर घालून असेच वाफेवर फुनके होत आणि कढीबरोबर खाल्ले जात.

पहिली करंडी समोर आली. पांढऱ्याशुभ्र पुरचुंड्या, इतक्या मऊ की आबांचे डोळे भरून आले. ते हात घालणार तोच कुंदाबाईंनी मनगट धरलं आणि मामाला विचारलं, "आत काय हाये?"

मामाने थोडा विचार केला, नाक बोटाने वर दाबलं आणि डुकरासारखा घुरघुरला.

आबांनी हात मागे घेतला. दुसरी करंडी आली. मामाने दोन बोटं मिशांसारखी हलवली आणि पाठ वाकवून मागे मागे उडी मारली. ती कोळंबी. तिसऱ्या करंडीला तो कोंबड्यासारखा आरवला. शेजारचे खलाशी खाणं सोडून बघायला लागले. एकाने बदकाचा आवाज काढून मदत केली.

आता आपण माळकरी आहोत हे सांगायचं कसं? कुंदाबाईंनी आबांच्या गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. मामाने ती निरखून बघितली आणि सोडून दिली. विकत नको, अशी मान हलवली. मग कुंदाबाई उठून उभ्या राहिल्या, दोन्ही पाय जुळवले, हात कमरेवर ठेवले आणि विठ्ठलासारख्या स्थिर उभ्या राहिल्या.

कमरेवर हात ठेवून आपल्याकडे रोखून बघणारी बाई पाहून मामा घाबरला. त्याने चहा आणून दिला. तरी त्या हलेनात. त्याने साखर आणली. मग तो आत पळाला आणि लहानशी करंडी घेऊन आला. या वेळी त्याने कुठल्याच जनावराचा आवाज काढला नाही. खिशातून लाल चवळीसारखे चार दाणे काढून तळहातावर ठेवले.

कुंदाबाईंनी एक गोळा फोडला. आत गोड, तांबूस, मऊ सारण होतं. चाखून त्या म्हणाल्या, "पुरण हाये हो. खा."

आबांनी पहिला गोळा तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. मामा करंड्या आणत राहिला. लीलाधरही खाताना म्हणत होता, "मी सांगत होतो ना." निघताना लिआँगचं नाव ऐकून मामाने भाच्यासाठी एक करंडी भरून, वर केळीचं पान बांधून आबांच्या हाती दिली.

ती करंडी कल्याणपर्यंत सुखरूप होती. कसाऱ्याला आबांनी पान उचलून वास घेतला. इगतपुरीला थंडी वाजते म्हणून एक खाल्ला. मनमाडला कुंदाबाईंना डुलकी लागली. पाचोऱ्याला त्या जाग्या झाल्या तेव्हा आबा रिकामी करंडी मांडीवर घेऊन डोंगर बघत होते. त्या बाजूला डोंगर नव्हता.

"आता डॉक्टरले काय देसान?" कुंदाबाईंनी विचारलं.

"खराब झाले म्हणू."

"भरून दिली व्हती, रिकामी देनं बरं नाही," कुंदाबाई म्हणाल्या. घरी येऊन सकाळीच त्यांनी डाळ भरडायला घेतली आणि त्याच करंडीत फुनके उकडले. बरोबर बरणीत कढी घेतली.

जळगावला लिआँगने करंडी पाहिली आणि हातातली कवळी बाजूला ठेवून दिली. पान सोडलं, आत बघितलं, एक फुनका खाल्ला. ठसका लागला. पाणी पिऊन त्याने दुसरा उचलला.

"मामाच्या हातचे हाये," आबा म्हणाले.

"मामा मिरची नहीं डालता," लिआँग म्हणाला.

आबा करंडीकडे बघायला लागले. कुंदाबाईंनी आबांकडे बोट दाखवून सरळ सांगून टाकलं, "मामाचे यायनं गाडीत खाल्ले. हे माह्या हातचे. कढीसंगं खा, तिखट लागनार नाही."

लिआँगने त्यांच्याकडून कढीची वाटी घेतली. फुनका कढीत बुडवून खाल्ला, आणखी एक घेतला. आबा कवळीसाठी तोंड उघडून खुर्चीत बसले होते, ते तसेच बसून राहिले.

पुढच्या रविवारी लिआँग सावद्याला आला. बरोबर धुळ्याचा त्याचा एक चुलतभाऊ होता, सायकलवर गावोगाव रेशमी कापड विकणारा. दोघं ओट्यावर मांडी घालून बसले आणि पोटभर फुनके-कढी जेवले. आबांनी नव्या दातांनी फुटाणे खाऊन दाखवले, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. दुपारी दोघे पाहुणे ओट्यावरच आडवे झाले, आणि शेवटची गाडी निघून गेली तरी त्यांना उठवायचं कुंदाबाईंच्या जिवावर आलं.