नागोरावांचे थंड पाय

मित्रांनो, मी आदिलाबादच्या एका दवाखान्यातली जुनी मशीन आहे. माणसांना गार करणे हा माझा धंदा. डिसेंबरात आमच्या जिल्ह्यात पारा कसा घसरतो, ठाऊक आहे ना? लोक म्हणतात, जंगलामुळे. खोटे आहे. माझ्या खोलीचे दार कुणीतरी उघडे टाकते. एका उन्हाळ्यात तर नर्सबाईंनी माझ्या डोक्यावर चहा ठेवला, आणि परत येऊन बघतात तर कपात कुल्फी! ज्याला शंका असेल त्याने पुढे वाचू नये.

माझ्या पोटात गार पाणी असते. दोन लांब नळ्या आणि त्यांच्या टोकाला पाण्याच्या गाद्या. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या माणसाच्या छातीला आणि मांड्यांना त्या गुंडाळतात. मधल्या वेळात रक्त न मिळाल्याने त्याचा मेंदू दुखावलेला असतो. तो गार ठेवल्याने सावरतो, की नुसता ताप चढू दिला नाही तरी पुरते? हे कुणालाच नक्की माहीत नव्हते. म्हणून आमच्या डॉक्टर मयूरी एका अभ्यासात सामील झाल्या. घरच्यांची संमती घ्यायची, मग संगणक चिठ्ठी काढणार. अर्ध्यांना मी, अर्ध्यांना फक्त तापावर पहारा. माझ्यासारखीची परीक्षा! मला मुळीच आवडले नाही.

एके सकाळी तामसी गावचे नागोराव आले. भाजीबाजारात वांग्यांच्या ढिगावर कोसळले होते. शेजारच्या दुकानदाराने लगेच छाती दाबायला घेतली आणि अँब्युलन्स येईपर्यंत हात थांबवले नाहीत. बायको मनकर्णाबाईंनी सही केली. चिठ्ठी माझी निघाली. डॉक्टरांनी झोपेचे औषध दिले, श्वासासाठी घशात नळी घातली, आणि मी नागोरावांना नेहमीच्या सदतीसऐवजी तेहतीस अंश सेल्सिअसवर आणून ठेवले.

दुपारी आकडा वर सरकू लागला. मी धापा टाकू लागले. पाहते तर काय, पाय थंड लागले म्हणून मनकर्णाबाईंनी घरची जाड गोधडी आणून नवऱ्याला गळ्यापर्यंत गुंडाळले होते. ती गोधडी आणि मी, दोघी चार तास झुंजलो. बरे, पाऊण तास. मग मयूरी आल्या. रागावल्या नाहीत, शेजारी बसून सगळे समजावले.

दुसऱ्या दिवशी थोरले भाऊ अमृतराव गाडी घेऊनच आले. त्यांनी नागोरावांच्या पायाला हात लावला आणि सगळ्या नळ्या काढा म्हणाले, हा गेलाच, निदान गावात तरी नेऊ. मयूरींनी सांगितले की आता हळूहळू ऊब देऊ, औषध उतरू देऊ, आणि त्यानंतर निदान तीन दिवस थांबल्याशिवाय मेंदूचे काही सांगता येत नाही. मग उठेल का, असे अमृतरावांनी विचारले. मयूरी म्हणाल्या, माहीत नाही. अमृतरावांना तेवढे पुरले. ते ड्रायव्हरला बोलवायला निघाले.

मनकर्णाबाई दारात उभ्या राहिल्या. “भाऊजी, थंडं तं यायले या मशीनीनं केलं. मंग थंडे हायेत मनून गेले, असं मी काऊन समजू?”

“अन् नाही उठला तं?”

“तं नेऊ ना. पन आधी गरम तं होऊ द्या.”

अमृतरावांनी गाडी परत पाठवली आणि ते बाकावर बसले.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सांगताच नागोरावांनी त्यांचे बोट दाबले. घशातली नळी निघाल्यावर त्यांनी पहिली चौकशी वांग्यांची केली.

मी फुगले. आता आपली मिरवणूक निघणार! तर मयूरी म्हणतात, एक माणूस उठला म्हणून मशीनीने उठवला असे होत नाही. कृतघ्न कुठली! पण मग माझ्याही डोक्यात किडा वळवळू लागला. माझ्यावाचूनही उठले असते का? पुढे मोठ्या अभ्यासाचे आकडे आले. गार केलेले आणि नुसता ताप आवरलेले, दोन्हीकडे जवळपास सारखेच वाचले होते.

तेव्हापासून मी बहुतेक कोपऱ्यात असते. ताप आवरायचा असला की बोलावतात. नागोराव तपासणीला आले की मला नमस्कार करतात. हिनंच वाचवलं, म्हणतात.

जन्मभर थापा मारल्या, पण तिथे माझी जीभ वळत नाही. माझ्यामुळे वाचले का, मला माहीत नाही. मित्रांनो, तुमचे कुणी असे निपचित पडले, तर डॉक्टर म्हणतील तेवढे थांबा. त्या दिवशी अमृतरावांच्या गाडीत घातले असते, तर नागोराव तामसीपर्यंतही पोचले नसते. एवढे मात्र मला पक्के माहीत आहे.