बापसाच्या डोक्यावरची होडी

मी होड्या बांधणारा सुतार. त्यामुळे कुठलीही अडचण आली की मला होडीच सुचते. लग्न जमत नव्हतं तेव्हाही एक बांधली होती. उपयोग झाला नाही, पण होडी चांगली निघाली.

सदतीस साली आमच्या पाड्यातल्या चर्चचं छप्पर उतरवायला घेतलं. माझा बापूस इनास तिथे गवंडी. आदल्या वर्षी भाईंदरला एका बांधकामावर त्याच्या डोक्यात वीट पडली होती. तेव्हापासून डाव्या कानाने ऐकू येईना. डॉक्टरने सांगितलं होतं, दुसरी पडली तर मला नको, फादरना बोलवा.

म्हणून मी त्याच्या डोक्यासाठी लहानशी होडी बांधली. उलटी. सागाच्या पातळ फळ्या, सांध्यांत कापूस, वरून माशाचं तेल. चाचणीसाठी बापूस मागितला तर आईने दिला नाही, मग कलिंगड घेतलं. त्यावर होडी ठेवली आणि माडावर चढून वीट सोडली. होडीला ओरखडाही नाही. कलिंगड मात्र दुभंगलं. ते खाताना आईने दोनदा बापसाच्या डोक्याकडे पाहिलं.

फोड हातात धरून मी विचार करत बसलो. फळी नुसती घट्ट असली तर मार पुढे सरकतो. तो मध्येच कुठेतरी विरायला हवा. डोकं आणि फळी यांच्यात काहीतरी दबणारं हवं. माशांच्या पाटीखाली आई ठेवते ती कापडाची चुंबळ समोरच पडली होती. जन्मापासून पाहत होतो, पण मासळीचा वास येणाऱ्या वस्तूत शास्त्र असेल असं वाटलं नव्हतं. ती आत शिवली. पुढचं कलिंगड वाचलं.

बापसाने होडी हातात घेतली, हुंगली आणि परत दिली.

"चर्चमदी पुरुषानं टोपी घालायची न्हाय."

मी म्हटलं, अर्धं छप्पर गेलंय, आभाळ दिसतंय. तो म्हणाला, वेदी हाय तिथंच हाय. बायकांना चर्चमध्ये डोकं झाकावंच लागतं, तेव्हा काम संपेपर्यंत लुगडं नेस, असंही मी सुचवलं. त्यावर त्याने माझ्याकडे डावा कान केला. फादरनी तर लगेच परवानगी दिली. बापूस म्हणाला, फादर नवीन हायत.

मग मी चर्चच्या दारात बसून वर बघत राहायचो. जणू मी बघितल्याने पडणारं थांबणार होतं. एकदा बापूसच चुन्याचं घमेलं डोक्यावर घेऊन वेदीसमोरून गेला. वेदीसमोरून जाताना वाकवायचा तसा, घमेल्यासकट गुडघा वाकवला.

संध्याकाळी मी विचारलं, ते कसं चालतं?

"ती टोपी हाय काय? ओझं हाय. ओझं घेऊन देवाकडं जायला कोण अडवतंय?"

मी होडीच्या माथ्यावर एक वाटी ठोकली आणि तिच्यात मूठभर चुना भरला. बापसाने बोट लावून चुना ओला असल्याची खात्री केली. वाळका देऊन देवाला फसवायचं नव्हतं. मग होडी घातली.

पावसाच्या आत उरकायची घाई होती. एका सकाळी वरून जुन्या वाशाचा तुकडा सुटला. खडकावर होडी आपटावी तसा आवाज झाला. मी धावलो. बापूस खाली बसला होता. फळ्या उकललेल्या, चुंबळ चपटी, वाटी कुठल्या कुठे. चेहरा पांढराफटक; भीतीने की चुन्याने, कळेना. मी त्याला त्याचं नाव विचारलं, त्याने सांगितलं. माझंही सांगितलं, शिवीसकट.

मग त्याने माथ्यावर हात फिरवला आणि तो होडी उतरवायला लागला. वर दुसरा तुकडा लोंबत होता.

"राहू दे, बा."

"ओझं सांडलं," तो म्हणाला. "आता नुसती टोपी हाय."

मी जमिनीवरचा चुना ओंजळीत भरला आणि फुटक्या होडीवर थापला. बापसाने हात खाली घेतले. मी त्याला उठवलं, दाराकडे ओढलं. तो थांबला, वेदीकडे वळला. मी वर लोंबणाऱ्या लाकडाकडे बघत होतो आणि तो ओझ्यासकट, सावकाश, गुडघा वाकवत होता.