दोन नावांवर काट

१९४९ साल. लेनिनग्राडच्या स्टुडिओत चित्रपट संपला, दिवे लागले, पण कोणीच टाळी वाजवली नाही. संगीतकार ग्लेब इलिच झिल्त्सोव्हनं चित्रपटांना मंजुरी देणाऱ्या सरकारी समितीकडे पाहिलं. वीस वर्षं नाटकांना नि चित्रपटांना संगीत देऊनही ही शांतता त्याच्या अंगवळणी पडली नव्हती.

"संगीत छान आहे," समितीचे अध्यक्ष लापशिन म्हणाले. "फक्त गाण्याचे शब्दही तुमचेच, असं पडद्यावर येईल."

शब्द त्याच्या मित्राचे, रोदिओनचे होते. त्याला गेल्याच आठवड्यात गुप्त पोलिसांनी पकडून नेलं होतं.

"मला चार ओळी धड लिहिता येत नाहीत," ग्लेब म्हणाला.

"ग्लेब इलिच, घरी बायको आहे ना तुम्हाला?"

"आहे. तिला तोंड दाखवायचंय मला. त्याचं नाव काढणार असाल, तर माझंही काढा."

लापशिननी पेन्सिलीनं दोन्ही नावांवर काट मारली.

घरी तमारानं सगळं ऐकून घेतलं. "शहाणाच आहेस," एवढंच म्हणून तिनं त्याचे लोकरी मोजे गाठोड्यात बांधून दाराशी ठेवले.

त्याला पकडून न्यायला कोणी आलं नाही. कामही आलं नाही. पाच वर्षं ग्लेब बाहुल्यांच्या नाट्यगृहात पियानो वाजवत राहिला, आणि गाणं मात्र गावभर झालं.