गाडी सासऱ्याच्या नावावर

शाळेची बस मी एकवीस वर्षं चालवली आणि काटा कधी चाळीसच्या वर जाऊ दिला नाही. नांदेडात लोक हसायचे मला. मागून रिक्षावाले ओरडायचे, "शिवमूर्तीअण्णा, उतरून ढकला की!" मी म्हणायचो, ढकलीन, पण पोरं घरी पोचवीन. अशा माणसाला मे महिन्यात शाळेच्या ऑफिसात बोलावलं आणि क्लार्कनं मोबाईल पुढं धरला. ताशी शहाण्णव. लातूर-नांदेड रोड, चाकूरजवळ, मार्चमधल्या एका बुधवारी सकाळी.

"वेगाचं एक जरी चलान असलं तरी पोरांच्या बसवर ठेवता येत नाही," क्लार्क म्हणाला. "आणि नुसता दंड भरला तर कबूल केल्यासारखंच. कोर्टातून रद्द करून आणा, शाळा उघडायच्या आत."

गाडी माझी नव्हती. म्हणजे कागदावर माझीच होती. दोन वर्षांपूर्वी मंजुषाच्या लग्नात जावयाला मोटारसायकल दिली. आमच्याकडं रीत अशी, की गाडी सासऱ्याच्या नावावर घ्यायची, हार घालून मांडवात उभी करायची आणि पुढं नाव बदलायचा विषय कुणीच काढायचा नाही. जावयानं काढला तर तो हावरा दिसतो, सासऱ्यानं काढला तर दिलेलं बोलून दाखवतोय असं होतं. त्यामुळं माझ्या नावाची नांदेडची नंबरप्लेट लातूरभर फिरत राहिली.

चलानाबरोबर फोटो होता. हेल्मेटमुळं पुढच्याचं तोंड दिसत नव्हतं. मागं माझी मंजुषा होती. दोन्ही मुठींत त्याचा शर्ट धरलेला, डोळे गच्च मिटलेले. जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा कधी बसली नाही ही पोरगी. असा संताप आला की मोबाईल परत देऊन मी तडक वकिलाकडं निघालो.

वकील बसवंत आमच्याच गल्लीतला. तो खूश झाला. "अण्णा, केस सोपी हाय. त्या टायमाला तुमी बसवर होता, शाळेचं रजिस्टर हाय. बेचाळीस पोरं साक्षीला हायेत. फकत कोर्ट इचारणार, मग गाडीवर कोण होतं? नाव सांगा, त्याचं लायसन जोडा, तुमी सुटले."

नाव सांगा म्हणे! जावई म्हणजे दहावा ग्रह. त्यात तोंडावर अधिक महिना आलेला, म्हणजे धोंड्याचा. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला घरी बोलावून धोंडे खाऊ घालायचे असतात, आणि महांतेशरावांचा हा पहिलाच धोंडा. पार्वतम्मानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, दोन दिवस आधीच मला दम भरला. "जेवताना त्या चलानाचं नाव काढायचं न्हाई."

"मग कधी काढू? ढेकर दिल्यावर?"

परातीत पाणी घेऊन मी जावयाचे पाय धुतले. "राहू द्या की मामा," असं म्हणत ते दुसराही पाय पुढं करत होते. खाली मान घालून मी मनात वाक्य जुळवत होतो. ताटावर बसल्यावर म्हणालो, "महांतेशराव, ते चाकूरचं चलान…"

"हाव मामा, मंजुषा सांगत होती. भरून टाकू की. मी देतो पैसे."

"पैशाचा सवाल न्हाई. माझी नौकरी जाऊन राहिली."

पार्वतम्मानं माझ्याकडं डोळे वटारले, जावयाच्या ताटात आणखी दोन धोंडे घातले आणि वर तूप ओतलं. "आधी जेवू द्या त्यांना." माझा विषय त्या तुपात बुडाला तो बुडालाच.

हात धुवायच्या निमित्तानं मी मोरीकडं गेलो. मंजुषा मागोमाग आली.

"अप्पा, त्यांचं नाव घेऊ नका. लायसनच न्हाई त्यांच्याकडं."

लग्न जमवताना घर पाहिलं, दुकान पाहिलं, चौघांना विचारून मुलाचं वळण पाहिलं. लायसन पाहायचं कुणाला सुचतं? आणि एकवीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या मलाही सुचलं नाही. तिथूनच बसवंतला फोन केला तर तो म्हणाला, "मग लई अवघड झालं, अण्णा. बिनलायसनवाल्याला गाडी दिली म्हणून मालकावर येगळा गुन्हा."

"माझं जाऊ दे," मी पोरीला म्हणालो, "पण खरं तर सांगावं लागंल ना?"

"तुमी कोर्टात नाव घेतलं तर मला हितंच सोडून जाणार हायेत. तसं बोलून दाखवलंय." हे ती रडत सांगत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

"त्या दिवशी भेली होतीस का गं?"

"हळू म्हणलं की आणखी जोरात हाणतात," ती म्हणाली, आणि तूप गरम करायला आत गेली.

लातूरच्या कोर्टात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तारीख लागली. मॅजिस्ट्रेट बाई होत्या, माझ्या मंजुषाहून दहाएक वर्षांनी मोठ्या. त्यांच्यापुढच्या स्क्रीनवर तो फोटो होता. बसवंतनं रजिस्टरची नक्कल हातात तयार ठेवली होती. मी त्याचा हात धरून खाली दाबला.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मीच, मॅडम."

बसवंतनं कपाळाला हात लावला.

"आणि मागं बसलेली ही बाई?"

"माझी मुलगी." एवढं तरी खरं बोलता आलं.

बाईंनी फोटो मोठा केला आणि चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "काका, तुम्ही शाळेची बस चालवता ना? हिचा चेहरा बघा. पोटची पोर मागं एवढी भ्यालेली असताना बापाला वेग वाढवावासा वाटतो कसा? लाज नाही वाटत?"

सगळं कोर्ट माझ्याकडं बघत होतं. जावयाचे पाय धुताना हेच माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं होतं. मी हात जोडले. "चुकलं, मॅडम."

"चुकलं म्हणून भागत नाही. हिच्या बाबतीत पुन्हा असं होणार नाही, असं सांगा मला."

दंड कबूल होता, नोकरी गेलेली कबूल होती, लोकांनी हसलेलंही कबूल होतं. मी दोनदा तोंड उघडलं. पण तेवढं एक वाक्य काही मला म्हणता येईना.