मोगऱ्याच्या कळीतली पाकोळी

मित्रांनो, मी नखाएवढी, पांढुरकी पाकोळी आहे. माझा जन्म म्हसळ्याजवळच्या एका गावात, जनीबाईंच्या अंगणात, मोगऱ्याच्या कळीवर झाला. अंड्यातून बाहेर पडले तेव्हा आई कुठेच नव्हती. आमच्यात आई थांबत नाही. मी अळी होते. कळी पोखरून आत शिरले आणि खाऊ लागले. आत पोटभर मिळत होतं, पण अंधार होता आणि बोलायला कुणी नव्हतं. एक कळी संपली की धाग्याने शेजारची ओढून घ्यायची, एवढंच माझं जगणं. भावंडं दुसऱ्या कळ्यांत हेच करत होती. आमची कधी भेट झाली नाही.

बुद्धपौर्णिमा जवळ आली. दर वर्षी विहारात परडीभर मोगरा जनीबाईंचाच जायचा. झाड त्यांच्या नवऱ्याने, महिपतरावांनी लावलेलं. ते आता हयात नाहीत. उरणला शिक्षिका असलेली लेक दीक्षा सणाला घरी आली.

"आई, कळ्या जांभळ्या कशा पडल्यात गं?"

"कीड लागलीय. समदं झाड गेलं बघ. उपटूनच टाकते."

"नको! बाबांनी लावलंय ते. किडक्या कळ्या तेवढ्या खुडू."

दोघींनी सकाळभर कळ्या खुडून साबणाच्या पाण्यात बुडवल्या. माझी सगळी भावंडं त्यात गेली. मी आदल्याच दिवशी मातीत उतरून कोष केला होता, म्हणून वाचले.

पंख घेऊन वर आले तेव्हा झाडाला नव्या कळ्या धरल्या होत्या. पौर्णिमेला विहारात मूठभरच फुलं गेली होती. दीक्षाही उरणला परतली होती. संध्याकाळी मी पानावर बसून माझ्या जातीच्या कुणाची तरी वाट पाहिली. कुणी आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. पोटातली अंडी आता वायाच जाणार होती.

मग जनीबाई पाणी घालायला आल्या. त्यांनी मला अलगद बोटावर घेतलं. मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"एकटीच का गं? मी पन एकटीच हाय. बस."

त्या दीक्षाच्या शाळेबद्दल, महिपतरावांच्या शेवटच्या दुखण्याबद्दल सांगत राहिल्या. मी हलले नाही. माझ्याशी कुणी बोलण्याची ती पहिलीच वेळ होती.

मित्रांनो, माझे दिवस थोडे उरलेत. कळी जांभळी दिसली तर लगेच खुडा. माझा राग नाही, झाडालाही जगायचं असतं. पण अंगणात कुणी एकटं माणूस किड्याशी बोलताना दिसलं, तर हसू नका. फाटक उघडून आत जा आणि त्याच्या शेजारी बसा.