साडेदहा ओळींची चौकट

मित्रांनो, मी एक चौकट आहे, पण माझ्यात ना लाकूड आहे ना खिळा. डोळ्यांच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी संगणक ठेवलेला आहे. त्याच्या पडद्यावर ज्या जागेत आजच्या शस्त्रक्रियांची यादी दिसते, ती जागा म्हणजे मी. आता मी जुनी झाले आहे आणि खरे सांगायचे तर थकलेही आहे. दिवसभर कोणी यादी वर ढकलते, कोणी खाली ओढते. तरी बसा थोडा वेळ.

मला एका प्रोग्रामर बाईंनी घडवले. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. खिडकीवर बसणाऱ्या ताईंना मी कशी चालते ते काही केल्या उमजेना. तेव्हा मोठ्या बाईंनी एक रिकामे पाकीट घेतले, कात्रीने त्याला चौकोनी भोक पाडले आणि नावे लिहिलेली कागदाची लांब पट्टी आतून सरकवली.

"किती नावं दिसतात?"

"चार."

"आणि पट्टीवर आहेत किती?"

"आता पाकिटात काय दडलंय ते मला कसं कळणार, बाई?"

"बरोब्बर! म्हणून तर शेजारी ही दांडी दिली आहे."

ही दांडी म्हणजे माझा स्क्रोलबार. तिच्यावर एक ठोकळा सरकतो. ठोकळा दांडीएवढाच लांब असेल, तर सगळी यादी डोळ्यांसमोर आहे असे समजा. तो जितका आखूड, तितके दडलेले जास्त. ठोकळा खाली नेला की यादी वर सरकते आणि खालची नावे माझ्यात येतात. जेवढी नावे माझ्यात मावतात तेवढीच मी रेखाटते. बाकीची संगणकाच्या स्मरणात असतात, पण कोणी सरकवल्याशिवाय मी ती दाखवू शकत नाही.

मोठ्या बाईंनी माझी उंची मोजूनमापून साडेदहा ओळींची ठेवली. दहा नावे पूर्ण दिसत आणि अकरावे कमरेत कापल्यासारखे अर्धेच.

"अहो, हे नाव अर्धं कापलं गेलंय," ताई म्हणाल्या. "चुकलं वाटतं काहीतरी."

"मुद्दाम केलंय. अर्धं नाव दिसलं की माणसाचा हात आपोआप खाली जातो. पुरती दहा दाखवली, तर तुम्ही म्हणाल झालं, संपली यादी."

अशी माझी नोकरी सुरू झाली. सोमवारी आणि गुरुवारी शस्त्रक्रिया असत. रुग्ण आला की ताई त्याचे नाव शोधून पुढे 'आले' अशी खूण करत. दुपारपर्यंत खूण झाली नाही, तर ते नाव आपोआप पुढच्या वाराच्या यादीत अगदी तळाशी जाई. किती वर्षे हे काम केले, मोजदाद नाही. माऊसचे चाक केव्हाच निकामी झाले होते, पण ताई ठोकळा धरून सराईतपणे वरखाली करत. "ही चौकट म्हणजे माझा उजवा हात आहे," असे त्या कौतुकाने सांगत.

मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी एक तरुण प्रोग्रामर आला. त्याला सगळे कसे चापूनचोपून लागे, म्हणून ताईंनी त्याचे नाव सुबकराव ठेवले होते. त्याने मला पाहिले आणि नाक मुरडले.

"ही दांडी किती जुनाट दिसते! चाक फिरवलं की तेवढ्यापुरती दिसू दे. आणि हे अर्धं नाव कसलं? बरोबर दहा ओळी करतो."

मी नीटनेटकी झाले. ताईही म्हणाल्या, "झकास दिसतंय हो!"

पहिल्याच सोमवारी घड्याळे दुरुस्त करणारे एक आजोबा सुनेबरोबर आले. त्यांचा उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्यात मोतीबिंदू पिकत चालला होता आणि दुकान बंद पडले होते. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही, तर तोही डोळा हातचा जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

ताईंनी वरपासून खालपर्यंत पाहिले. "यादीत नाव नाही, आजोबा."

त्यांचे नाव अकरावे होते, आणि चाक निकामी असल्यामुळे दांडी दिसतच नव्हती. माझ्यामागेच होते. पण मला तोंड कुठे आहे?

दुपारी ते नाव पुढच्या यादीच्या तळाशी गेले. गुरुवारी ते दोघे परत आले. पुन्हा नाव नाही. सून चिडली. "तारीख तुम्हीच दिलीत ना? आम्हाला काय हेलपाटे घालायची हौस आहे?" ताई तरी काय करणार! आत डॉक्टर म्हणत, रुग्णच आला नाही. बाहेर रुग्ण म्हणे, नावच नाही. आणि मी मधे उभी.

पुढच्या सोमवारी आजोबा भिंतीला हात लावत लावत खिडकीपाशी आले.

"ताई, आज किती नावं आहेत?"

"दहा."

"मागच्या खेपेला किती होती?"

"दहाच की."

"आणि त्याआधी?"

ताई थबकल्या. "दहा."

"चाळीस वर्षं घड्याळं उघडतोय मी. काटा तीनही वेळा तीनच्याच आकड्यावर दिसला, तर मी तीन वाजले म्हणत नाही. घड्याळ बंद आहे म्हणतो. जरा खाली काही अडकलंय का बघा."

ताईंनी शेवटच्या नावावर बोट ठेवून खालच्या बाणाची कळ दाबली. यादी सरकली. आजोबांचे नाव वर आले, त्याखाली एका शिक्षिकेचे आणि त्याखाली एका माळ्याचे.

"अगं बाई!" एवढेच ताईंच्या तोंडून निघाले.

आजोबांची शस्त्रक्रिया त्याच दुपारी झाली. डोळा वाचला, पण बारीक स्क्रू आता त्यांना भिंगाखालीही नीट दिसत नाहीत. उशीर झाला होता. सुबकराव येऊन माझ्यासमोर मान खाली घालून बसला. "नीटनेटकं दिसावं म्हणून केलं हो, ताई."

"छान दिसत होतं," ताई म्हणाल्या. "फक्त माणसं दिसत नव्हती."

त्याने माझी दांडी कायमची परत दिली, उंचीही पूर्वीसारखी केली. ताईंनी शिक्षिकेला फोन लावला. "दोनदा परत पाठवलंत, आता दुसरीकडे करून घेतलंय," असे म्हणून तिने फोन ठेवला. माळ्याच्या फोनची घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

ताईंनी माळ्याचे नाव काढलेले नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी यादी उघडली की त्या आधी मला तळापर्यंत नेतात आणि त्याचा फोन पुन्हा लावून बघतात.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखी चौकट बांधेल, कोणी खिडकीवर बसेल. बांधाल तेव्हा खाली आणखी आहे हे दिसू द्या. बसाल तेव्हा कोणाला 'नाही' म्हणण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन या. माझ्या थकव्याची पर्वा करू नका. त्यासाठी मला खुशाल दमवा.