मागून आणलेला पलंग

“कुणी काही म्हणो, हिचा हात सोडायचा नाही. आणि हिला अर्धपोटी निजवायचं नाही.”

धाकट्या बहिणीने मरताना आपल्या पोरीकडे बघत एवढंच सांगितलं होतं. मावशीने मान हलवली. तेव्हापासून रोज सकाळी देवाचं नाव ओठांवर यायच्या आधी तेच शब्द तिच्या कानात यायचे.

पहिली गोष्ट तिने पाळली होती. दुसरी हातातून निसटत चालली होती. मावशी लॉजच्या चादरींना इस्त्री करायची. लॉजने स्वतःचं यंत्र आणलं आणि गठ्ठे निम्म्यावर आले. बहिणीची चिमी शाळेत प्रार्थनेला उभी असताना कोसळली, तेव्हा वर्गाच्या बाई म्हणाल्या, “अहो, आईवडील नसलेलं मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकांना सरकार दरमहा मदत देतं. अर्ज करा. घर बघायला कुणी तरी येईल, एवढंच.”

एवढंच! मागच्या गल्लीतल्या हमालाची दोन्ही पोरं असंच कुणी घर बघून गेल्यावर बालगृहात गेली, असं सगळे म्हणत. तरी मावशीने अर्ज केला.

“रिकामी खोली दिसली की पोर उचलतील,” शेजारची शिवणवाली म्हणाली. “घाबरू नकोस, आपण खोली भरू.”

आणि शेजारपाजार कामाला लागला. शिवणवालीचा पलंग आला, वरच्या मजल्यावरचा फ्रीज जिन्यातून आदळत-आपटत उतरला, कुणाची फळांची परडी आली.

“हात लावू नकोस गं, परत द्यायचीत,” मावशीने चिमीला बजावलं.

तपासणीच्या बाई आल्या. त्यांचा आवाज मऊ होता, त्याने मावशी आणखीच धास्तावली.

“झोपतेस कुठे, बाळ?”

चिमीने पढवल्याप्रमाणे पलंगाकडे बोट दाखवलं. बाईंनी फ्रीज उघडला. आत दिवा लागला, तशी पोर टक लावून बघत राहिली.

“छान ठेवलंय हो घर,” बाई उठत म्हणाल्या. “ही मदत ज्यांच्या घरात काहीच नसतं त्यांच्यासाठी. तुमचं बरं चाललंय. आजच तसं कळवते.”

मावशी दारापर्यंत त्यांच्या मागे गेली. आता खरं सांगावं तर खोटारडी ठरणार, आणि खोटारडीच्या हाती पोर कोण ठेवील?

दुपारी सामान परत गेलं. पलंग खोलताना शिवणवाली म्हणाली, “असं सजवलं बाई, की सरकारच आपल्याकडे उसनं मागेल.” पण तिचं तिलाच हसू आलं नाही.

खोलीत एक चटई आणि इस्त्रीचं टेबल उरलं. चिमी बिलगली. “मावशी, मी नीट सांगितलं ना? आता मला नेणार नाहीत ना?”

मावशीने तिचं मनगट धरलं. बोटं वळसा घालून एकमेकांवर चढली.

“मी जाऊन खरं सांगते,” ती शिवणवालीला म्हणाली.

“वेड लागलंय का तुला? आणि जायचंच तर हिला माझ्याकडे ठेव. तिथे नेलीस तर ठेवूनच घेतील!”

तेही खरं असेल. पण मावशीने चिमीचे केस विंचरले, चपला पुढे सरकवल्या.

“परत येणार ना आपण?”

एका दिवसात दुसऱ्यांदा खोटं बोलायची मावशीची छाती झाली नाही. तिने देवाचं नाव घेतलं, दार ओढलं आणि पोरीचा हात घट्ट धरून ऑफिसच्या रस्त्याला लागली.